केए, टीएस पासिंगची गाडी सोलापुरात: कागद अडतात कुठे आणि सोडवायचे कसे

सोलापुरातल्या कुठल्याही मोठ्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एमएच-१३ च्या रांगेत केए-२८, केए-३२, टीएस-०९ अशा कर्नाटक-तेलंगणाच्या पाट्या हमखास दिसतात. आपल्या शहरात ते साहजिकच आहे. विजापूर शंभर किलोमीटरवर, कलबुर्गी त्याहून जरा लांब, हैदराबाद हायवेने सरळ तीनशे. कितीतरी घरांची सोयरीक सीमेपलीकडची. हैदराबादला आयटीत असलेला मुलगा घरून काम मिळालं की गाडीसकट जुळे सोलापुरात परततो. एनटीपीसीत किंवा रेल्वेच्या विभागीय कार्यालयात बदलीवर आलेला माणूस आपल्या राज्याची गाडी घेऊनच येतो. इंडीचे सासरे जावयाला जुनी गाडी वापरायला देतात. गाडी एका दिवसात येते, कागद मागे राहतात. मग वर्ष-दोन वर्षांनी प्रश्न तेच असतात: पोलिसांनी अडवलं, एनओसी (गाडी दुसऱ्या राज्यात न्यायला जुन्या आरटीओचा ना-हरकत दाखला) मिळेना, टॅक्स किती बसेल, गाडी विकता येईना.

शेजारपाजारचे आणि नात्यातले लोक अशा फायली घेऊन माझ्याकडे येतात. प्रत्येकाला तेच तेच सांगावं लागतं, म्हणून हे सविस्तर लिहून ठेवतो. खाजगी, पांढऱ्या पाटीच्या गाड्यांपुरतंच लिहितोय. टॅक्सी, टेम्पो, परमिट हा वेगळा विषय आहे.

मूळ दुखणं काय आहे

गाडीची नोंदणी केंद्राच्या कायद्याने होते आणि गाडीवरचा कर राज्य घेतं. सगळा घोळ इथून सुरू होतो.

मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ४६ सांगतं की एका राज्यात नोंदलेली गाडी देशभर चालते, दुसऱ्या राज्यात वेगळी नोंदणी लागत नाही. त्यालाच लागून कलम ४७ आहे: गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ ठेवली, तर तिथल्या आरटीओकडून नवा नंबर घ्यायचा. केंद्रीय मोटार वाहन नियमांतला ५४ वा नियम त्यापुढे ३० दिवस देतो, एवढ्या मुदतीत फॉर्म २७ भरून अर्ज गेला पाहिजे.

कराचं तसं नाही. वाहनांवरचा कर राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत राज्य सूचीत आहे, ५७ व्या नोंदीत. महाराष्ट्र तो १९५८ च्या मोटार वाहन कर कायद्याने घेतो, कर्नाटक १९५७ च्या स्वतःच्या कायद्याने. तुम्ही बेंगळुरूत गाडी घेताना जो लाइफटाइम टॅक्स भरला तो कर्नाटकाच्या तिजोरीत गेला. गाडी इथे कायमची आली की महाराष्ट्र आपला कर मागणार, आणि तिकडे भरलेल्यातला उरलेल्या वर्षांचा भाग तुम्ही तिकडून परत मागायचा. ‘एकदा टॅक्स भरलाय, आता पुन्हा का?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो. उत्तर एवढंच की तो दुसऱ्या सरकारला भरलाय.

आता सगळ्यात महत्त्वाचं. नंबर बदलायच्या कामातलं निम्म्याहून जास्त काम जुन्या राज्यात असतं. एनओसी तिकडची, चलानं तिकडची, बँकेची शाखा तिकडची, रिफंड तिकडचा. तिथे राहत असताना हे एक-दोन फेऱ्यांत होतं. सोलापुरात आल्यावर प्रत्येक कागदासाठी गाणगापूर-हुमनाबाद ओलांडून जावं लागतं. म्हणून परत येणं पक्कं झालं असेल, तर सामानाच्या ट्रकची तारीख ठरवायच्या आधी एनओसीचा अर्ज टाका. सहा-आठ महिन्यांसाठीच येत असाल तर मात्र एनओसीला हात लावू नका. का ते पुढे येईलच.

पोलिसांनी अडवलं

बारा महिन्यांच्या आत असाल तर पाटी परराज्याची आहे एवढ्या कारणाने दंड होत नाही. दंड होतो तो विमा संपलेला असतो, पीयूसी नसते, आरसी हाताशी नसते म्हणून. विम्याशिवाय गाडी चालवली तर कलम १९६ प्रमाणे पहिल्या वेळी २,००० रुपये दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. दुसऱ्या वेळी दंड ४,०००. पीयूसी कुठल्याही राज्यात काढलेली देशभर चालते, त्यामुळे तेलंगणाच्या गाडीची पीयूसी होटगी रोडवरच्या सेंटरवर काढायला काहीच हरकत नाही. बीएस-४ आणि बीएस-६ गाड्यांना ती वर्षभर चालते, त्याआधीच्या गाड्यांना सहा महिने.

मूळ कागद घरी ठेवले तरी चालतं. नियम १३९ प्रमाणे डिजिलॉकर किंवा एमपरिवहनमधली आरसी, विमा, पीयूसी, लायसन्स मूळ कागदांसारखीच धरतात. मोबाइलमध्ये काढून ठेवलेला आरसीचा फोटो मात्र त्यात येत नाही. अॅपमधली नोंद उघडून दाखवायची. तेलंगण बराच काळ स्वतःच्या वेगळ्या प्रणालीवर चालत होतं, त्यामुळे तिथल्या काही गाड्या एमपरिवहनमध्ये नीट दिसत नाहीत. तशा गाडीचे मूळ कागद जवळच ठेवा. आणि टीएस पाटी बघून कोणी ‘हा कोड बंद झालाय’ म्हणालं तर शांतपणे सांगा: मार्च २०२४ पासून तेलंगणाच्या नव्या गाड्यांना टीजी मिळतो, आधीच्या टीएस पाट्या तशाच वैध आहेत.

लायसन्स बदलायची गरज नाही. ते देशभर चालतं. नूतनीकरणाच्या वेळी सोलापूरचा पत्ता टाकून घ्या, पुरे.

बारा महिने कुठून मोजायचे

इथे वाद होतो. समोरचा अधिकारी म्हणतो गाडी दोन वर्षांपासून इथेच आहे, तुम्ही म्हणता चार महिने झाले. तोंडी सांगण्याला किंमत नाही, तारीख असलेला कागद लागतो. सगळ्यात चांगला पुरावा फास्टॅगचं स्टेटमेंट. हैदराबादहून येताना तलमोड आणि फुलवाडीच्या नाक्यांवर तारीख-वेळेसकट पैसे कापले जातात. तुमची शेवटची येण्याची नोंद, त्यानंतर तिकडची एकही नोंद नाही, त्याआधी महिनोन्महिने तिकडच्याच नाक्यांची रांग. हे चित्र एका पानात स्वच्छ दिसतं. बँकेच्या साइटवरून जुनं स्टेटमेंट नेहमी मिळेलच असं नाही, म्हणून आल्या महिन्यातच पीडीएफ उतरवून ठेवा. जोडीला बदलीचा आदेश, भाडेकरार, तिकडच्या सर्व्हिस सेंटरचं शेवटचं बिल. हे कागद गाडीच्या डॅशबोर्डमध्ये नकोत, फोनमध्ये एका फोल्डरमध्ये हवेत.

एक सल्ला गावात फार फिरतो: बारा महिने होत आले की टाकळीच्या पुढे भीमेचा पूल ओलांडून धूळखेडला चहा पिऊन यायचं, मुदत नव्याने सुरू. कायद्यात असं कुठेही लिहिलेलं नाही. कलम ४७ विचारतं ते गाडी ‘ठेवलेली’ कुठे आहे. रात्री जी गाडी रोज जुळे सोलापुरात लागते ती एका रविवारच्या चक्कराने विजापूरची होत नाही. ज्यांची गाडी खरोखर दोन्हीकडे असते, म्हणजे आठवड्यातले चार दिवस कलबुर्गीला नोकरी आणि तीन दिवस इथे घर, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांच्याकडे टोलच्या नोंदी आणि तिकडचा राहण्याचा पत्ता दोन्ही असतात, आणि तेवढ्यावर त्यांचं म्हणणं उभं राहतं.

सासऱ्यांच्या किंवा भावाच्या नावावरची गाडी असली तरी हिशेब हाच. गाडी कोणाची हे कलम ४७ बघत नाही, कुठे आहे ते बघतं. फक्त अर्ज मालकाच्या नावाने जाईल, सह्या त्यांच्या लागतील, आणि इथल्या पत्त्याचा पुरावाही त्यांचाच. त्यामुळे कायमची दिलेली गाडी असेल तर एनओसीबरोबरच नावावर करून घ्यावी. अण्णांनी प्रेमाने दिलेल्या गाडीचा अपघात झाला तर नोटिसा अण्णांच्या घरी जातात, हे त्यांच्या वयाला बरं नाही.

एनओसी अडते ती इथे

एनओसीचा अर्ज फॉर्म २८ वर, जुन्या आरटीओकडे. आता बहुतेक ठिकाणी ऑनलाइन भरायचा आणि मग कागद जमा करायचे. अडायची कारणं ठरलेली आहेत. कुठल्याही एजंटला पैसे देण्याआधी ही घरबसल्या तपासता येतात.

पहिलं, मोबाइल नंबर. आरसीच्या नोंदीत गाडी घेतानाचा, बंद पडलेला नंबर असतो आणि ओटीपी तिकडे जातो. कधीकधी तो नंबर डीलरच्या सेल्समनचा निघतो. परिवहनच्या साइटवर गाडीचा नंबर, चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि नोंदणीच्या तारखेवर तो बदलता येतो. बाकी काहीही करायच्या आधी हे करा.

दुसरं, चलानं. केंद्राच्या ई-चलान साइटवर काही दिसलं नाही म्हणजे सुटलो, असं नाही. हैदराबाद आणि बेंगळुरूच्या वाहतूक पोलिसांच्या स्वतःच्या साइट आहेत, तिथे वेगळं बघावं लागतं. जुनी चलानं व्हर्च्युअल कोर्टात गेलेली असतात, ती तिथेच भरायची. पैसे भरल्यावर नोंद उतरायला काही दिवस जातात, म्हणून भरल्याच्या पावत्या जपा.

तिसरं, बँक. कर्ज चालू असलं तरी गाडी दुसऱ्या राज्यात नेता येते, पण त्यासाठी बँकेचं वेगळं संमतीपत्र लागतं, ज्यात ‘सोलापूर येथे हलवण्यास हरकत नाही’ अशा अर्थाचं वाक्य आणि आरटीओचं नाव हवं. कर्ज फिटल्याचं पत्र हे नव्हे. आणि कर्ज फिटलेलं असून आरसीवर बँकेचं नाव तसंच असेल, तर आधी फॉर्म ३५ देऊन एचपी (आरसीवरचा बँकेचा बोजा) उतरवून घ्या. हप्ते संपून वर्षं झाली तरी हा बोजा आरसीवर तसाच असतो, लोकांच्या ध्यानातच नसतं. बँकेच्या पत्राला मुदत असते, तारीख बघून अर्ज करा, नाहीतर पत्र पुन्हा मागावं लागतं.

चौथं, पोलिसांचा दाखला. गाडी चोरीची नाही याची खात्री करूनच एनओसी द्यायची, असं कलम ४८ म्हणतं. एनसीआरबीचा (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा) अहवाल डिजिटल पोलीस पोर्टलवर स्वतः काढता येतो. इथे एका अक्षराने काम अडतं: चेसिस नंबर सतरा अक्षर-अंकांचा असतो आणि त्यात इंग्रजी आय, ओ, क्यू ही अक्षरं कधीच नसतात. म्हणजे जिथे गोल दिसतो तिथे शून्यच. फॉर्मवर ओ लिहिला की अहवालात गाडी सापडत नाही आणि फाइल परत येते.

पाचवं, एनओसी कोणाच्या नावाने. सोलापूर जिल्ह्यात दोन कार्यालयं आहेत: एमएच-१३ सोलापूर आणि एमएच-४५ अकलूज. तुमचा तालुका कोणाकडे येतो ते आधी विचारा. जिल्हा सोलापूर म्हणून सरसकट सोलापूर लिहिलं आणि घर माळशिरस तालुक्यात असलं, तर कागद चुकीच्या टेबलावर येतो, आणि तो दुरुस्त करायला परत हैदराबाद.

सगळं नीट असूनही एनओसी येत नसेल तर काय? हे फार कमी लोकांना माहीत आहे. कलम ४८ प्रमाणे अर्ज मिळाल्यापासून ३० दिवसांत कार्यालयाने नकार कळवला नाही, तर एनओसी दिली असंच मानलं जातं. आणि कलम ४७ त्यावर सोय देतं: एनओसीऐवजी अर्ज दिल्याची पोच, किंवा पोचदेय रजिस्टर्ड पोस्टाने पाठवला असल्यास पोस्टाची पोचपावती, आणि ‘नकार किंवा कुठलीही सूचना मला आलेली नाही’ असं स्वतःचं निवेदन जोडून नव्या आरटीओकडे अर्ज करता येतो. खिडकीवरचा माणूस कदाचित ‘असं चालत नाही’ म्हणेल. भांडू नका, कलमाचा मजकूर जोडून अर्ज आवकमध्ये द्या आणि शिक्का घ्या. संगणकावर नोंद दिसत नसेल तर दोन कार्यालयांना एकमेकांशी पत्रव्यवहार करावा लागतो, पण तुमची अर्जाची तारीख राखली जाते, आणि बारा महिन्यांच्या हिशेबात तीच मोलाची.

आता थोड्या मुदतीसाठी आलेल्यांनी एनओसी का घेऊ नये. एनओसी निघाली की जुन्या आरटीओत त्या गाडीचे बाकी व्यवहार थांबतात. बेत बदलून परत हैदराबादला गेलात, तर ‘ही एनओसी आमच्याकडे वापरली नाही’ असा दाखला सोलापुरातून घ्यावा लागतो, मग ती रद्द होते. असू दे म्हणून काढून ठेवायचा हा कागद नाही.

इथल्या आरटीओत

विजापूर रोडच्या आरटीओत जाताना फॉर्म २७, एनओसी, आरसी, विमा, पीयूसी, पत्त्याचा पुरावा, बँकेचं पत्र आणि गाडी घेतल्याचं मूळ बिल, एवढं लागतंच. बिल हरवलं असेल तर डीलरकडून प्रत आणा, कारण कर ठरतो तो गाडीच्या मूळ किमतीवर, इंधनावर आणि वयावर. महाराष्ट्रात नव्या गाडीला १० लाखांपर्यंत पेट्रोलला ११ आणि डिझेलला १३ टक्के, १० ते २० लाखांत १२ आणि १४, त्यावर १३ आणि १५ असे दर आहेत. बाहेरून आलेल्या गाडीला वयाप्रमाणे तो कमी होत जातो. कंपनीच्या नावावरच्या गाडीचा दर याहून बराच जास्त असतो, म्हणून स्वतःच्या फर्मच्या नावाने गाडी असलेल्यांनी आधी आकडा काढून घ्यावा आणि मगच ठरवावं.

बारा महिने उलटून बराच काळ गेला असेल तरी जा. नंबर न बदलल्याचा दंड फारसा नाही. खरी रक्कम कराची आणि त्यावरच्या व्याजाची असते, ती थांबण्याने वाढतच जाते. अपघात झाल्यावर किंवा गाडी विकायला काढल्यावर हे उघडं पडण्यापेक्षा स्वतःहून गेलेलं केव्हाही चांगलं.

गाडी निरीक्षकाला दाखवावी लागते, आणि अर्जावर चेसिस नंबरचा पेन्सिल प्रिंट लागतो. हा गेटबाहेर कोणीतरी पैसे घेऊन काढून देतो, पण घरी सहज जमतो. नंबर कुठे कोरलाय ते गाडीच्या पुस्तकात असतं: काही गाड्यांत पुढच्या सीटखाली मॅट उचलल्यावर पत्र्यावर, काहींत बॉनेट उघडल्यावर मागच्या फायरवॉलवर. आधी फडक्याला थोडं रॉकेल किंवा डब्ल्यूडी-४० लावून तेलकट धूळ पुसा आणि जागा कोरडी करा. मग पातळ कागद दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि मऊ पेन्सिल आडवी धरून एकाच दिशेने हलके घासा. कागद सरकला तर अंक दुहेरी उमटतात, तसा प्रिंट घेत नाहीत. दोन-तीन काढून ठेवा. अंकांवर गंज चढलेला असेल तर पॉलिश पेपर मात्र कधीच मारू नका. घासलेला चेसिस नंबर संशयास्पद दिसतो आणि प्रकरण भलतीकडे जातं.

गाडीचं पंधरा वर्षांचं आयुष्य पहिल्या नोंदणीपासूनच मोजलं जातं. नवा नंबर मिळाला म्हणून पंधरा वर्षं नव्याने मिळत नाहीत. बारा-तेरा वर्षांच्या गाडीवर एवढा खर्च करायचा की तिकडेच विकून इथे एमएच-१३ ची घ्यायची, याचा हिशेब आधी मांडा. मला विचाराल तर बहुतेकदा विकणंच परवडतं.

रिफंड

नवा नंबर लागला की जुन्या राज्याकडे उरलेल्या वर्षांच्या कराचा परतावा मागायचा. नवी आरसी, इथल्या कराची पावती, तिकडची मूळ कराची पावती, एनओसीची प्रत आणि मालकाच्याच नावाचा रद्द केलेला चेक. हे पैसे लोक सोडून देतात, आणि ते मला पटत नाही. कर्नाटकात पेट्रोल-डिझेल गाडीचा लाइफटाइम टॅक्स किमतीप्रमाणे १३ ते १८ टक्के आहे, वर उपकर. तीन-चार वर्षांच्या दहा लाखांवरच्या गाडीचा परतावा लहान रक्कम नसते. पाठपुरावा लागतो, एखादी फेरी मारावी लागते. अर्जाची पोच आणि क्रमांक घ्या, महिन्या-दोन महिन्याने लेखी स्मरणपत्र पाठवा. फोनवरचं ‘होऊन जाईल’ कुठे नोंदलेलं नसतं.

नंबर मिळाल्यावरची राहून जाणारी कामं

एचएसआरपी (सरकारी सुरक्षा नंबरप्लेट) नव्या नंबराची बसवायची, जुनी उतरवून जमा करायची. विमा कंपनीला कळवून पॉलिसीवर नवा नंबर आणि पत्ता चढवून घ्यायचा; हे राहिलं तर नेमक्या क्लेमच्या वेळी आरसीवर एक नंबर आणि पॉलिसीवर दुसरा निघतो. नो क्लेम बोनस जात नाही, तो मालकाचा असतो. उलट फायदाच आहे: विम्याच्या दरात हैदराबाद, बेंगळुरू, पुणे, मुंबई ही शहरं ए झोनमध्ये येतात आणि सोलापूर बी झोनमध्ये, त्यामुळे गाडीच्या स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम थोडा कमी बसतो. कंपनी आपणहून सांगेलच असं नाही, विचारा.

फास्टॅग जुन्या नंबरावर तसाच ठेवू नका. ज्या बँकेचा टॅग आहे तिच्याकडे नवी आरसी द्या. काही बँका नंबर बदलून देतात, काही जुना बंद करून नवा घ्यायला लावतात. नाहीतर पुण्याला जाताना टोलनाक्यावर टॅग ब्लॅकलिस्ट झालेला कळतो.

बदलीच्या नोकरीवाल्यांसाठी बीएच

बँक, रेल्वे, एनटीपीसी, संरक्षण दल, राज्य सरकार, किंवा चार अथवा जास्त राज्यांत कार्यालयं असलेल्या खाजगी कंपनीत असाल, तर पुढची गाडी बीएच (भारत मालिका) नंबरचीच घ्या. १५ सप्टेंबर २०२१ पासून ही मालिका आहे. राज्य बदललं तरी नंबर बदलावा लागत नाही. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांच्या हिश्श्याने भरायचा: गाडीच्या किमतीवर १० लाखांच्या आत ८ टक्के, २० लाखांपर्यंत १०, त्यावर १२ या दराने, डिझेलला दोन टक्के जास्त, इलेक्ट्रिकला दोन टक्के कमी. खाजगी नोकरीवाल्यांना मालकाचं प्रमाणपत्र फॉर्म ६० वर लागतं. डिसेंबर २०२२ पासून आधी साध्या नंबराची असलेली गाडीही पात्र माणसाला बीएचमध्ये नेता येते. एकच काळजी: दोन वर्षांनी कर भरायची तारीख स्वतःच लक्षात ठेवायची.

स्वस्तात मिळणारी परराज्याची जुनी गाडी

बाजारात डीएल पासिंगच्या डिझेल गाड्या फार कमी किमतीत दाखवतात. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर सरसकट बंदी आली होती, त्यामुळे त्या बाहेर निघाल्या. परिवहनच्या साइटवर नोंदणी ‘ॲक्टिव्ह’ आहे का, एनओसी सोलापूरच्याच नावाने निघाली आहे का, हे स्वतः बघितल्याशिवाय टोकन देऊ नका. केए गाडी घेताना फॉर्म २९, ३० (मालकी बदलाचे) आणि २८ (एनओसीचा) यांवर विकणाऱ्याच्या सह्या घेऊन ठेवायच्या, पण एनओसी त्याने काढून दिल्यावरच पूर्ण पैसे. ‘नंतर पाठवतो’ म्हणणारा माणूस विजापूरला गेला की फोन उचलत नाही, हे इतक्यांच्या बाबतीत झालंय की मी यात तडजोड करायला कुणालाच सांगत नाही.

परदेशी पाटीची गाडी

हाही प्रश्न येतो, विशेषतः आखातातून किंवा अमेरिकेतून कायमचं परतणाऱ्यांकडून. परदेशात नोंदलेली खाजगी गाडी तात्पुरती भारतात आणता येते. त्यासाठी २०२२ चे केंद्राचे नियम आहेत: तिकडची वैध नोंदणी, लायसन्स किंवा आंतरराष्ट्रीय परवाना, विमा, आणि तिथे लागू असेल तर प्रदूषण प्रमाणपत्र सोबत हवं. कागद इंग्रजीत नसतील तर ते देणाऱ्या यंत्रणेनेच प्रमाणित केलेलं इंग्रजी भाषांतर लागतं. कस्टमसाठी कार्ने नावाचा, गाडी परत नेण्याची हमी देणारा कागद लागतो. त्यावर आलेली गाडी परत न्यावीच लागते, नाहीतर पूर्ण शुल्क बसतं. पाहुणा म्हणून फिरायला येण्यापुरती ही सोय आहे, इथे राहून रोज वापरायला नाही.

कायमची आणायची म्हटली तर जुनी गाडी उत्पादनापासून तीन वर्षांच्या आतली, उजव्या बाजूच्या स्टिअरिंगची हवी आणि ती मुंबई बंदरातूनच येऊ शकते. दुबई-सौदी आणि अमेरिकेतल्या गाड्या डाव्या स्टिअरिंगच्या, त्यामुळे तो विचार तिथेच संपतो. ब्रिटन, ऑस्ट्रेलिया, सिंगापूरहून येणाऱ्यांनी शिपिंग कंपनीला आगाऊ रक्कम देण्याआधी उत्पादनाचा महिना बघावा आणि कस्टम ड्युटी धरून एकूण आकडा लेखी मागून घ्यावा.